लाख रुपयांचा चरखा आणि तासगावची पत्रे

तिवसा तालुक्यात पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या फोनवर एक गोष्ट हमखास घडते. कुणीतरी आपल्या पेरणीयंत्राला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची एक पट्टी बसवून घेतो. सोयाबीनचे दाणे एकावर एक पडत असतात, ते अंतराने पडू लागतात. तो वावरात उभ्या उभ्याच मिनिटभराचा व्हिडिओ काढून गटावर टाकतो. पट्टी किती रुंद, कुठे जोडली, खर्च किती आला, सगळे मोकळेपणाने सांगतो. थोड्या वेळात धामणगावकडचा एक जण विचारतो, जमीन ओली असली तर माती अडकते का? चांदूर बाजारकडचा दुसरा आपल्या यंत्राचा फोटो पाठवतो; त्याने पट्टीच्या जागी जुन्या टायरचा तुकडा लावलेला असतो. आठवडाभरात मूळ पट्टीचे रूप पालटलेले असते आणि ज्याने ती पहिल्यांदा बसवली त्याच्या खिशात एक रुपयाही आलेला नसतो. तरी पुढच्या हंगामात तो पुन्हा काहीतरी दाखवायला येतो.

तो का येतो, हा प्रश्न गेल्या पंचवीसेक वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांनाही पडला. ग्राहकांनीच नव्या वस्तू सुचवाव्यात, जुन्या सुधारून द्याव्यात म्हणून त्यांनी इंटरनेटवर मंडळे उघडली. लोक तिथे कशाच्या ओढीने येतात, कशामुळे टिकतात आणि कशामुळे उठून जातात, याचा अभ्यास व्यवस्थापनशास्त्रात सुरू झाला. प्रश्न मात्र फोनपेक्षा फार जुना आहे, आणि त्याची काही उत्तरे वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर, सांगली-सोलापूरच्या द्राक्षबागांत आणि चंद्रपूरच्या एका धानाच्या बांधीत आधीच मिळालेली आहेत. त्यांचा माग काढावासा वाटतो तो यासाठी, की आज गट चालवणाऱ्यांना ती ठाऊक असली तर बरेच काही वाचेल.

सुरुवात इर्जिकीपासून करायला हवी. कुणाचा बैल मेला, कुणाच्या घरी दुखणे निघाले, पेरणी तोंडावर आली आणि वावर तसेच पडून राहिले, की गावातले लोक आपापल्या जोड्या घेऊन तिथे उतरत. काम दिवसात उरके, संध्याकाळी त्याच्या घरी जेवण होई. हिशेब कुणी लिहीत नसे आणि कुणी विसरतही नसे. पण एकाच वावरात इतके वखर एकदम चालू लागले की आणखी एक गोष्ट आपोआप होई. कुणाची पास खोल जाते, कुणाचे जू बैलाच्या खांद्याला घासत नाही, कुणाच्या तिफणीचे दाते काळ्या जमिनीत अडत नाहीत, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येई. पुढच्या हंगामाआधी सुताराच्या दारात तशीच मागणी जाई. वऱ्हाडातले वखर, डवरे, तिफणी अशाच हातांखालून सुधारत आल्या. त्यांतल्या एकाही सुधारणेच्या कर्त्याचे नाव आपल्याला सांगता येत नाही. अवजार राहिले, माणूस पुसला गेला.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तिवशाच्या अलीकडे मोझरी येते. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे गुरुकुंज आश्रम उभा केला. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या बोलावण्यावरून ते नदीपलीकडे, सेवाग्राममध्ये, महिनाभर राहून आले. १९५५ ची ग्रामगीता ४१ अध्यायांची आहे. संघटन-शक्ती, श्रम-संपत्ती, ग्राम-आरोग्य अशी तिच्यातल्या अध्यायांची नावे वाचली तरी कळते की हा ग्रंथ गावाला कामाला लावण्यासाठी लिहिला आहे. मला त्यांची सगळ्यांत दूरदृष्टीची गोष्ट वाटते ती सामुदायिक प्रार्थना. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसायचे, जात आणि मान बाजूला ठेवून. सफाई, रस्ते, श्रमदान ही कामे त्या बैठकीच्या आधाराने उभी राहिली. आज जे लोक अशा समूहांचा अभ्यास करतात ते कामापासून मोजायला लागतात आणि कामाआधीची ही बैठक त्यांच्या हिशेबातून सुटते. रोज शेजारी बसणाऱ्याला माणूस सांगू शकतो की मला हे जमत नाही, माझे पीक बसले. परक्यापुढे तो फक्त यश दाखवतो. वस्तू सुधारते ती मात्र अपयश सांगितल्यावर.

आता मोझरीचा आश्रम उभा राहण्याच्या सहा वर्षे मागे जाऊ. जुलै १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने जाहीर केले की चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये मिळतील. त्या काळच्या एक लाखाची कल्पनाही आज करणे अवघड आहे. अटी बारकाईने लिहिलेल्या होत्या. चरखा हलका आणि उचलून नेता येण्याजोगा हवा, हाताने किंवा पायाने चालवता यावा. एका बाईला तो आठ तास फारसे न दमता चालवता आला पाहिजे आणि त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर, निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको. वेळच्या वेळी डागडुजी केली तर तो वीस वर्षे टिकायला हवा. यंत्र स्वतःच्या खर्चाने साबरमतीला पोचवायचे, आणि बक्षीस हवे असेल तर त्याचे हक्क संघाच्या स्वाधीन करायचे. परीक्षकांत बंगाल केमिकलचे राजशेखर बोस होते, सतीशचंद्र दासगुप्ता होते.

इंटरनेट यायच्या साठेक वर्षे आधी साऱ्या जगाला घातलेली ही हाक होती. आज एखादी कंपनी जे करते ते सगळे तिच्यात आहे: गरज कोणती ते सांगितले, मोजमाप ठरवले, मुदत दिली, परीक्षक नेमले, बक्षीस ठेवले, हक्कांचा प्रश्नही आधीच मिटवला. तेव्हाच्या औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून एक चरखा आला, त्याच्या चाचण्या झाल्या, तो अटींच्या जवळ पोचला आणि तिथेच अडला. एक लाखाचे ते बक्षीस कधीच कुणाला मिळाले नाही.

अटी कठीण होत्या हे त्याचे एक कारण आहेच. हलका, स्वस्त, टिकाऊ आणि वेगवान, हे चारही गुण त्या काळच्या लाकूड-लोखंडात एकत्र बांधणे सोपे नव्हते. पण मला दुसरे कारण जास्त खोलवरचे वाटते. त्या स्पर्धेत हरणाऱ्याच्या पदरात काय उरत होते? ज्याने वर्ष-दोन वर्षे खपून यंत्र बनवले, पदरमोड करून ते साबरमतीला पाठवले, त्याचे बक्षीस हुकले की सगळेच संपले. त्याच्या घरी ते सूत निघणार नव्हते, त्याच्या धोतराचे सूत त्या चरख्यावर कातले जाणार नव्हते. शिवाय एकाने केलेली चूक दुसऱ्याला कळण्याची काही सोय नव्हती. प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा झगडत होता, आणि स्पर्धा असल्यामुळे एकट्यानेच झगडणे त्याच्या फायद्याचे होते.

त्याच काळात चरखा दुसऱ्या वाटेने सुधारत होताच. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी रोज कातत. पेटीत मिटून ठेवता येणारा, दोन चाकांचा येरवडा चरखा त्या रोजच्या कातण्यातून आकाराला आला आणि घरोघर पोचला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्याला दिली, तीच मगनवाडी. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे कागद, गूळ, तेल, चूल, दिवा अशा रोजच्या वस्तूंवर काम चाले. झवेरभाई पटेलांनी तेलाच्या घाणीत केलेली सुधारणा 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेली. वनस्पतिज तेलावर जळणारा 'मगन दीप' तिथलाच. 'ग्राम उद्योग पत्रिका' नावाचे मासिक निघे. मगनवाडीत येणाऱ्यापुढे लाखाचे आमिष नव्हते. तेलीकाम करणारा तिथे घाणी पाहायला येई, कारण घरी त्याचा बैल दमत होता. घाणी हलकी झाली की लाभ त्याच्याच दारात होता. बक्षीस कुणाला मिळते यावर तो अवलंबून नव्हता. पुढे १९४९ च्या सुमारास तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी अनेक चात्यांचा चरखा बनवला. त्यांच्या नावावरून तो 'अंबर चरखा' झाला. सूत जितके लांब निघाले असेल तितके असो, पण कर्त्याचे नाव वस्तूत राहिले ही त्यातली मोठी गोष्ट.

या मागोव्यात मला सगळ्यांत जास्त थांबावेसे वाटते ते तासगावला. किर्लोस्करवाडीपासून ते फार लांब नाही.

श्रीपाद अच्युत दाभोलकर गणित शिकवत. देवदत्त आणि नरेंद्र दाभोलकरांचे हे भाऊ. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवताना आणि नंतर, साठच्या दशकापासून, त्यांनी 'प्रयोग परिवार' नावाचे एक जाळे विणले. द्राक्ष लावणारा शेतकरी त्यांना पत्र लिही. माझ्या वेलीला अमुक दिवशी पाणी दिले, तमुक दिवशी छाटणी केली, घड इतके लागले, पाने अशी वळली. दाभोलकर उत्तर देत, आणि त्या उत्तरात बहुधा आणखी एक प्रश्न असे: पुढच्या ओळीत पाणी अर्धे करून पाहाल का? दोन ओळींतला फरक तो शेतकरी पुढच्या पत्रात कळवी. त्याचा अनुभव मग दुसऱ्या गावच्या बागायतदाराला जाई. कार्यालयाचा डोलारा नव्हता, अनुदान नव्हते. टपाल आणि माणसे, इतकीच साधने होती. या सगळ्याचे सार त्यांनी 'विपुलाच सृष्टी' या मराठी पुस्तकात आणि १९९८ च्या 'प्लेंटी फॉर ऑल' या इंग्रजी पुस्तकात मांडले.

कमी पाऊस आणि हलकी माळरान जमीन असलेल्या तासगावात द्राक्षाचे उत्पन्न जगातल्या चांगल्या बागांच्या पंक्तीला जाऊन बसले, त्यात या पत्रांचा मोठा वाटा होता. शेतकरी पत्र का लिहीत, याचे उत्तर त्या पत्रांच्या रीतीतच सापडते. दाभोलकर त्याला सल्ला विचारणारा मानत नसत, प्रयोग करणारा मानत. सल्ला घेणारा माणूस एकदा येतो, सल्ला लागू पडला नाही की परत फिरकत नाही. प्रयोग करणाऱ्याचा प्रयोग फसला तरी त्याच्याजवळ सांगण्याजोगे काही उरते, आणि ते ऐकायला कुणी उत्सुक आहे हे त्याला ठाऊक असते. साबरमतीच्या स्पर्धेत हरणाऱ्याच्या हाती जे नव्हते ते इथे प्रत्येकाच्या हाती होते. ओळ फसली तरी बाग आपलीच, आणि कळलेली गोष्टही आपलीच.

याच मातीत १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ उभा राहिला. त्याची चर्चासत्रे आणि 'द्राक्षवृत्त' मासिक हे बागायतदारांचे खुले विद्यापीठच झाले. तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतल्या थॉम्पसन जातीतून निवड करून वेगळी वेल वाढवली. तिचे नाव 'तास-ए-गणेश'. त्यात तासगावही आहे आणि आर्वेही. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' दिली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निघाले ते १९९७ मध्ये; तोवर बागायतदारांनी स्वतःच आपल्या जाती शोधून, तपासून, एकमेकांना काड्या देऊन पसरवल्या होत्या.

इथे एक कोडे आहे आणि ते सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. द्राक्षबागायतदार एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. एकाच बाजारात, एकाच आठवड्यात माल नेतात. मग एकाने सापडलेली चांगली काडी दुसऱ्याला का द्यावी? मोठेपणा हे त्याचे एक कारण असेल, पण तेवढ्यावर अनेक वर्षे कुणी काड्या वाटत नाही. खरे असे की दूरच्या बाजारात बागायतदाराला एकट्याने पत नसते. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' काढले, मराठी द्राक्षे युरोपात जाऊ लागली, आणि तिथल्या ग्राहकाला तासगाव आणि नाशिक यांत फरक माहीत नव्हता. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्याने द्राक्षाची निर्यात अडचणीत आली, तेव्हा ज्यांनी काही वावगे केले नव्हते त्यांचेही कंटेनर अडकले. शेजाऱ्याची बाग चांगली पिकणे ही आपलीच गरज आहे, हे अशा वेळी पटवून द्यावे लागत नाही. शिवाय ज्याने काडी दिली त्याच्याकडे पुढचा नवा प्रश्न आणि पुढची नवी बातमी पहिल्यांदा येते. देणारा जाळ्याच्या मधोमध राहतो.

जगात हे शास्त्र म्हणून कधी मांडले गेले? अमेरिकेत एरिक फॉन हिपेल यांनी १९७६ मध्ये शास्त्रीय उपकरणांतल्या सुधारणा तपासल्या आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक सुधारणा उपकरण विकणाऱ्यांनी केलेल्या नसून ती वापरणाऱ्या संशोधकांनीच केलेल्या आढळल्या. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या संगणकासाठी लिहिलेली लिनक्स ही प्रणाली खुली केली आणि जगभरचे लोक ती फुकट सुधारू लागले. करीम लाखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी अशा ६८४ जणांना विचारले की तुम्ही हे का करता. आपण काहीतरी निर्माण करतो आहोत ही भावना सगळ्यांत प्रबळ निघाली. स्वतःची गरज आणि कौशल्य वाढवण्याची इच्छाही तिच्या बरोबरीने होती. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कलबागांच्या गावकऱ्यांसाठीच्या कार्यशाळेत, २००२ मध्ये अमेरिकेबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक सुरू झाली, तीही याच विचाराने. ज्याला वस्तू लागते त्याच्या हातात ती घडवण्याचे साधन द्यावे.

हे सगळे पटण्यासारखे आहे. पण या अभ्यासांत एका वेदनेला पुरेशी जागा नाही आणि ती समजून घ्यायला आपल्याला विदर्भातच परतावे लागेल.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड गाव. दादाजी खोब्रागडे यांची जमीन दीड एकर. १९८३ मध्ये 'पटेल-३' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. हे वर्षानुवर्षे चालले. बियाणे तयार झाल्यावर ते त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले. त्या काळी एचएमटी घड्याळाचे मोठे अप्रूप होते, म्हणून धानालाही तेच नाव पडले. एचएमटी तांदूळ गावातून तालुक्यात, तालुक्यातून शेजारच्या राज्यांत गेला. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हे बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' नावाने वाण प्रसारित केले. आपण ते शुद्ध करून सुधारले असे विद्यापीठाचे म्हणणे होते. दादाजींचे म्हणणे होते की मुळाशी माझी निवड आहे आणि माझे नाव कुठेच नाही.

मला या वादात विद्यापीठाला दोष देऊन मोकळे व्हायचे नाही. शुद्धीकरणाचे काम खरे असते आणि त्याला मेहनत लागते. पण इर्जिकीच्या काळापासून चालत आलेली जी उणीव आहे, अवजार राहते आणि माणूस पुसला जातो, ती इथे एका जिवंत माणसाच्या डोळ्यांदेखत घडली. दादाजींना आधी पैसे हवे होते असे नाही. त्यांनी बियाणे वाटलेच होते. त्यांना हवे होते की हे कुणी केले असे विचारल्यावर उत्तर देता यावे.

त्या उत्तराची सोय अहमदाबादच्या प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी नेटवर्क'ने केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या जाळ्याचा पहिला नियम असा की ज्याने शोध लावला त्याच्या नावागावानिशीच तो छापायचा. दुसरा असा की जे गोळा केले ते लोकांच्या भाषेत लोकांकडे परत न्यायचे. याच जाळ्यातून २००० मध्ये निघालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये दादाजींचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव केला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत स्थान दिले. ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना 'एचएमटीचे जनक' म्हटले. दीड एकरवाल्या माणसाचे शेवटचे दिवस हलाखीतच गेले, हेही त्याच बातम्यांत होते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे वाण स्वतःच्या नावावर नोंदवण्याचा अधिकार दिला आहे. तो दादाजींच्या निवडीनंतर अठरा वर्षांनी आला.

वऱ्हाडात याच धाग्याचा पुढचा पदर वरुडला दिसतो. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली: कोरेगाव, अंबाजोगाई आणि आपला वरुड. पहिले बक्षीस ५० लाखांचे होते. साबरमतीचा अनुभव पाहता तेही फसायला हवे होते. पण वैशाखाच्या उन्हात हजारो माणसे कुदळ-घमेले घेऊन उतरली, कारण बक्षीस कुठल्याही गावाला जावो, खोदलेला सलग समतल चर ज्याच्या त्याच्या शिवारात राहणार होता. हरलेल्या गावाच्या विहिरीतही पाणी येणार होते. शिवाय तंत्र कुणी लपवत नव्हते. प्रशिक्षण घेतलेली मुले शेजारच्या गावाला बांध कसा आखायचा ते दाखवायला जात. पुढे कोविडने घरात बसवले तेव्हा याच मंडळींनी सोयाबीनची डिजिटल शेतीशाळा फोनवर भरवली, आणि २०२२ पासून शेतकरी गटांचा फार्मर कप सुरू झाला. मोझरीची बैठक आणि तासगावचे पत्र या दोन्ही गोष्टी इथे एका जागी आल्या असे मला वाटते.

फोनवरचे स्वतंत्र गटही वाढले. 'होय आम्ही शेतकरी' हा सांगलीच्या डॉ. अंकुश चोरमुले यांनी उभा केलेला मंच त्यांतला मोठा. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकातून महाराष्ट्रात शिरली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी तिचे फोटो आधी असल्या मंचांवर पाहिले, नाव नंतर ऐकले. बोंडअळी आली की वऱ्हाडातही हेच होते. पऱ्हाटीचे बोंड फोडून हातावर धरलेला फोटो सकाळी सात वाजता येतो आणि दुपारपर्यंत चार तालुक्यांतून उत्तरे येतात.

पण हे गट जसे भरतात तसे विरतातही आणि ते का विरतात हे पाहिले की माणसे का येतात तेही समजते. औषध विकणारा गटात शिरतो आणि शेतकरी बनून स्वतःच्याच मालाची वाहवा करतो. ते एकदा उघडे पडले की पुढची खरी शिफारसही कुणी मानत नाही. दुसरे म्हणजे एकाचा व्हिडिओ दुसरा आपल्या नावाने पुढे ढकलतो, त्यावर आपली चित्रफीत-वाहिनी चालवतो, आणि ज्याने पट्टी बसवली त्याला ते तिसऱ्याच जिल्ह्यातून परत येऊन दिसते. तो पुढच्या वेळी गप्प बसतो. तिसरे सर्वांत गंभीर आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. औषधांची मिश्रणे करण्याची सवय हे त्यामागचे एक कारण होते. फोनवर 'मी हे दोन मिसळून मारले, झकास रिझल्ट' असे लिहिणारा चांगल्याच मनाने लिहितो. पण दाभोलकरांच्या पत्रात असे वाक्य नसे. तिथे किती, कधी, कोणत्या ओळीला आणि न मारलेल्या ओळीत काय दिसले, हे लिहावे लागे.

आता तिवसा, मोर्शी, वरुड या पट्ट्यातल्या संत्र्याकडे पाहावे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत डोळा बांधणाऱ्या हातांना तोड नाही. जंबेरीच्या खुंटावर बांधायचे की रंगपूर लिंबाच्या, यावर इथला प्रत्येक बागायतदार स्वतःच्या बागेचा दाखला देऊन बोलू शकतो. कोळशी, डिंक्या, फळगळ यांवर प्रत्येकाने काही ना काही करून पाहिलेले आहे. इतके असूनही संत्र्यात 'तास-ए-गणेश'सारखे, बागायतदाराच्या नावाने ओळखले जाणारे वाण घरोघर पोचलेले दिसत नाही. हुशारी कमी पडली असे मला वाटत नाही. तासगावात जे निरीक्षण पत्रात उतरले आणि चर्चासत्रात उभे राहिले, ते इथे बरेचदा बागेच्या धुऱ्यावरच बोलून संपते.

गट आहेत, फोन आहेत, जुनी झाडे आहेत. ऑगस्टमध्ये आंबिया बहाराची फळगळ सुरू होते, तेव्हा गटावर दिवसाला कितीतरी फोटो येतात आणि महिन्याभरात ते सगळे वर सरकून दिसेनासे होतात. कुणीतरी एकाने, गावातल्या शाळेच्या शिक्षकाने, कृषी महाविद्यालयातल्या पोराने, नाहीतर मोझरीला प्रार्थनेला जाणाऱ्या एखाद्या आजोबांनी, त्यांतला प्रत्येक अनुभव एका वहीत उतरवायला घ्यावा: बागायतदाराचे नाव, गाव, खुंट कोणता, झाडाचे वय, जमीन भारी की मध्यम, पाणी केव्हा दिले, काय मारले किंवा काहीच मारले नाही, आणि शंभर फळांतली किती गळली. ज्याने काहीच केले नाही त्याची नोंदही तितकीच लागेल. डिसेंबरात झाडे ताणावर सोडायच्या आधी ती वही सगळ्यांसमोर वाचून दाखवावी, प्रत्येक नोंदीपुढचे नाव मोठ्याने घेऊन.